अस्वलाचा राजपुत्र होतो तेव्हा: क्लॅरिनेट आणि बासूनचा एक कॉन्चेर्टो

तंतुवाद्यं अगदी हळू सुरू होतात, शेजारच्या खोलीत कुणी स्वतःपुरतं वाजवत बसलंय इतकी हळू. मग त्यांच्यावर क्लॅरिनेट येतं. लांब, गोलाईदार ओळ. कुठे घाई नाही, कुठे टोक नाही. आपण जरा सैलावून बसतो न बसतो तोच खालून, जाड्याभरड्या आवाजात, भलत्याच क्षणी बासून हे दुसरं फुंकवाद्य आत घुसतं. क्लॅरिनेट दचकतं. त्याची शांत ओळ तुटते आणि ते वरच्या सुरांत सैरावैरा धावू लागतं.

रिखार्ड श्ट्राउसच्या ‘ड्युएट-कॉन्चेर्टिनो’ची ही सुरुवात. (‘ब्लू डॅन्यूब’ वॉल्ट्झवाला श्ट्राउस वेगळा. तो व्हिएन्नाचा योहान, हा म्युनिकचा रिखार्ड. दोघांचं नातं नाही.) कॉन्चेर्टिनो म्हणजे छोटा कॉन्चेर्टो, आणि ड्युएट म्हणजे दोघांचा. १९४७ च्या डिसेंबरात तो लिहून झाला तेव्हा श्ट्राउस ८३ वर्षांचा होता. वाजवायला वीसेक मिनिटं लागतात. कॉन्चेर्टो म्हणजे काय हे ज्याला मुळापासून समजून घ्यायचं आहे, त्याने प्रचंड पियानो कॉन्चेर्टोंच्या आधी हा ऐकावा असं माझं ठाम मत आहे. इथे पात्रं दोनच आहेत आणि दोघांचे आवाज इतके वेगळे, की कोण बोलतंय याचा कधी घोटाळा होत नाही.

आधी शब्दाचा उलगडा करू. एक किंवा अधिक मुख्य वादक पुढे उभे आणि मागे ऑर्केस्ट्रा, अशी रचना म्हणजे कॉन्चेर्टो. ज्या मूळ शब्दापासून हा आला त्याचे अर्थ दोन सांगतात, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांच्या उलट आहेत. इटालियनमध्ये एकमताने, जुळवून घेऊन काही करणं; लॅटिनमध्ये झुंजणं, चढाओढ करणं. अठराव्या शतकात या प्रकाराचा जो ढाचा पक्का झाला त्यात हे दोन्ही अर्थ मावतात. साधारणपणे तीन भाग असतात: जलद, संथ, पुन्हा जलद. पहिल्या भागात बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रा मुख्य सुरावट मांडतो, मग मुख्य वादक प्रवेश करतो. मधला भाग गाण्यासारखा. शेवटचा पुष्कळदा ‘रोंडो’, म्हणजे एक मुखडा पुन्हा पुन्हा परत येतो आणि दोन मुखड्यांच्या मध्ये नवनवी कडवी. आपल्या कानाला हा शेवटचा भाग लगेच ओळखीचा वाटतो, कारण मुखड्यावर परत येण्याची ओढ आपल्यालाही आहेच.

दोन वादक म्हटलं की आपल्याला जुगलबंदी आठवते, आणि ती आठवण बरीच उपयोगी पडते. प्रश्न, उत्तर, एकाने अर्धी ओळ सोडायची आणि दुसऱ्याने उचलायची, हे सगळं इथेही आहे. फरक एवढाच, पण मोठा: इथे प्रत्येक सूर आधीच कागदावर लिहिलेला आहे. वादकाला मोकळीक असते ती श्वास कुठे घ्यायचा, कोणत्या सुरावर किती वजन टाकायचं, ओळ किंचित मागे ओढायची की पुढे लोटायची, यात. आपल्याकडे कलाकार मंचावर रचतो. इथे रचणारा आणि वाजवणारे निराळे. म्हणून संवाद उत्स्फूर्त वाटायचा तर तो आधी कागदावर तसा लिहिलेला असावा लागतो. दचकणंसुद्धा लिहावं लागतं.

दोन सुषिर वाद्यांसाठी, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी, कॉन्चेर्टो लिहिण्याची रीत जुनी आहे. विवाल्दीने दोन ट्रम्पेटसाठी लिहिला, चिमारोझाने दोन बासऱ्यांसाठी, व्हिएन्नात स्थिरावलेल्या मोरावियाच्या फ्रान्झ क्रोमरने दोन क्लॅरिनेटसाठी. या बहुतेकांत एकाच जातीची दोन वाद्यं असतात. जुळी भावंडं हातात हात घालून चालतात तशी ती चालतात: एक वरचा सूर धरतं, दुसरं त्याच्या खालून तिसऱ्या किंवा सहाव्या सुराचं अंतर राखत सोबत करतं. फुंकवाद्यातून एका वेळी एकच सूर निघतो, पियानोसारखे अनेक सूर एकत्र काढता येत नाहीत. त्यामुळे दोन वाद्यं एकत्र आली की सुरांची जोडी तयार होण्यातच निम्मा आनंद असतो.

मेंडेल्सोनची एक जोडी या परंपरेतली माझी विशेष आवडती. १८३२ संपून १८३३ लागण्याच्या सुमारास त्याने क्लॅरिनेट आणि बासेट-हॉर्न (क्लॅरिनेटचंच खालच्या आवाजाचं भावंड) यांच्यासाठी दोन तुकडे लिहिले, हाइनरिख बेअरमान आणि त्याचा मुलगा कार्ल या बापलेकांसाठी. मोबदला काय, तर बेअरमान मंडळींनी मेंडेल्सोनच्या घरी वाफेवरचे गोड गोळे आणि मलईचा श्ट्रूडेल करून खिलवायचा. बापलेकांसाठी लिहिलेलं संगीत बापलेकांसारखंच आहे: आवाज वेगळे, घराणं एक.

श्ट्राउसने मात्र अशी दोन वाद्यं निवडली की ज्यांचं जुळणं गृहीत धरता येत नाही. याचं कारण कळायला वाद्यांच्या तोंडाशी जावं लागेल, अगदी शब्दशः.

क्लॅरिनेटच्या मुखाशी बोरूच्या जातीच्या गवताची एकच पातळ पट्टी बांधलेली असते. तिला रीड म्हणतात. फुंकलं की ती थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. नळी जवळजवळ सरळ, सारख्या जाडीची. या आकाराचा एक चमत्कारिक परिणाम होतो. बासरीत तीच बोटं ठेवून फुंक पालटली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटमध्ये तो सप्तक ओलांडून त्याच्याही वरच्या पंचमावर उडी मारतो. सा वरून निघालात तर थेट तारसप्तकातल्या प वर पोहोचता. त्यामुळे या वाद्याला जणू दोन गळे मिळतात. खालचा गडद, मखमली. वरचा उजळ, आणि हवा तेव्हा किंचाळणारासुद्धा.

बासूनला दोन पट्ट्या, एकमेकींवर दाबून बांधलेल्या, मधल्या बारीक फटीतून फुंकायचं. आपल्या सनईच्या पत्तीची आठवण यावी अशी ही घडण आहे, आणि तत्त्व तेच: दोन पाती एकमेकींवर आपटतात, त्यातून जरा अनुनासिक, दाणेदार आवाज निघतो. नळी वरून खाली रुंद होत जाणारी आणि चांगली अडीच मीटर लांब. म्हणून मध्ये घडी घालून दुमडलेली. बासूनवादक कार्यक्रमाआधी काय करतो ते कधी जवळून पाहा. छोट्याशा डबीत पाणी असतं, त्यात रीड भिजत पडलेली. तो ती काढतो, ओठांत धरून नुसती वाजवून बघतो, कावळ्यासारखा एक कर्कश आवाज येतो. मान हलवतो, बारीक चाकूने टोकाशी केसाएवढा भुसा खरवडतो, परत ओठांत धरतो. बरेच बासूनवादक आपल्या रीड स्वतःच घडवतात. जरा कमी-जास्त खरवडलं की संध्याकाळचा सगळा सूर बदलतो. जो आवाज आपण सभागृहात ऐकतो त्यातला मोठा वाटा त्या माणसाच्या चाकूचा असतो.

बासूनवर एक अन्यायही झालेला आहे. त्याचे खालचे सूर तुटक वाजवले की ते जड पावलांनी चालल्यासारखे ऐकू येतात. म्हणून संगीतकारांनी त्याला विदूषकाची कामं दिली. द्यूकाच्या ‘सॉर्सरर्स अप्रेंटिस’मध्ये जादूचा झाडू धडपडत पाणी भरायला निघतो तो बासूनच्या आवाजात. प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’मधले कुरकुरणारे आजोबा म्हणजेही बासूनच. पण याच वाद्याच्या वरच्या सुरांत एक गाणारा, किंचित दुखरा आवाज आहे. मोझार्टला तो १७७४ मध्येच ठाऊक होता. बासूनच्या त्याच्या कॉन्चेर्टोचा संथ भाग ऐकताना हे विदूषकाचं वाद्य आहे असं एकदाही मनात येत नाही. श्ट्राउसचा हा कॉन्चेर्टिनो याच दोन प्रतिमांवर उभा आहे. एका प्रतिमेपासून दुसरीपर्यंत आपल्याला नेणं हा त्याचा खरा विषय आहे, असं मला वाटतं.

त्याला तो विषय सुचला एका माणसामुळे. हुगो बुर्गहाउझर हा व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा बासूनवादक, १९३३ पासून या ऑर्केस्ट्राचा अध्यक्षही. १९३८ च्या मार्चमध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, बुर्गहाउझरचं पद गेलं आणि पाठोपाठ देशही सुटला. शेवटी तो अमेरिकेत पोहोचला आणि न्यूयॉर्कमध्ये रुजला. युद्धानंतर श्ट्राउसने त्याला लिहिलेल्या पत्रात क्लॅरिनेट आणि बासूनच्या दुहेरी कॉन्चेर्टोचा विचार डोक्यात असल्याचं कळवलं आणि तो विचार करताना तुझा सुंदर सूर कानात असतो, अशा अर्थाचं म्हटलं. रचना अर्पण केली आहे ती याच बुर्गहाउझरला.

हे अर्पण वाचताना श्ट्राउसचा स्वतःचा भूतकाळ बाजूला ठेवता येत नाही. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या संगीत मंडळाचं अध्यक्षपद त्याने स्वीकारलं होतं. १९३५ मध्ये ते सोडावं लागलं, कारण ज्यू लेखक श्टेफान त्स्वाइगला त्याने लिहिलेलं पत्र सरकारच्या हाती लागलं. त्याची सून ज्यू होती, त्यामुळे पुढची वर्षं कुटुंबाच्या जिवाच्या काळजीत गेली. युद्ध संपेपर्यंत ज्या नाट्यगृहांत त्याचं आयुष्य गेलं ती म्युनिकची, ड्रेस्डेनची, व्हिएन्नाची ऑपेराघरं बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली होती. १९४५ च्या शरदात तो पत्नी पाउलिनेसह स्वित्झर्लंडला गेला. आधीच्या राजवटीशी असलेल्या संबंधांची चौकशी अजून बाकी होती. तिच्यातून तो १९४८ मध्ये सुटला. हॉटेलांत मुक्काम, मिळकत अडकलेली, वय ऐंशीच्या पुढे. अशा अवस्थेत, ज्याला त्या राजवटीने देशोधडीला लावलं त्या वादकाच्या सुरासाठी तो लिहितो. यातून श्ट्राउसच्या चुका धुऊन निघतात असं मी म्हणणार नाही. पण हे संगीत कुणाची आठवण काढत लिहिलं गेलं, हे ठाऊक असलं की त्यातली माया निराळी लागते.

या शेवटच्या वर्षांतल्या रचनांना तो स्वतः ‘मनगटाचा व्यायाम’ म्हणायचा. ऑपेराचं काम संपलं, आता नुसता हात चालता राहावा म्हणून लिहितो, असा त्याचा सूर. या व्यायामातून १९४५ चा ओबो कॉन्चेर्टो आला आणि त्यानंतर हा. फुंकवाद्यांशी त्याचं नातं घरातलं होतं. वडील फ्रान्झ श्ट्राउस म्युनिकच्या दरबारी ऑर्केस्ट्रात हॉर्नचे प्रमुख वादक. लहानपणापासून घरात कुणीतरी श्वास सांभाळत लांब ओळ फुंकतंय, हे ऐकत तो वाढला. श्वास कुठे संपतो आणि ओळ कुठे वाकवली म्हणजे वादकाला दम घेता येईल, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

गोष्टीकडे वळतो. बुर्गहाउझरला त्याने सांगितलेली कथा अशी: एक राजकन्या नाचते आहे. एक अस्वल येतं आणि तिची नक्कल करत वेडंवाकडं नाचू लागतं. ती घाबरते. पण हळूहळू तिचं मन वळतं, ती त्याच्यासोबत नाचते, आणि अस्वलाचा राजपुत्र होतो. क्लॅरिनेट राजकन्या, बासून अस्वल. अँडरसनच्या डुक्करं राखणाऱ्या राजपुत्राची परीकथाही या रचनेशी जोडली जाते. तेव्हा गोष्टीतल्या प्रत्येक घटनेला स्वरलिपीत नेमकी जागा शोधत बसू नये. पण अस्वलाचा धागा हातात धरून ऐकलं की वाट चुकत नाही.

आता मांडणीतली एक हुशारी. या कॉन्चेर्टिनोच्या ऑर्केस्ट्रात दुसरं एकही फुंकवाद्य नाही. फक्त तंतुवाद्यं आणि एक हार्प. कारण साधं आहे. बासूनचा मधल्या पट्टीतला आवाज फार दूर जात नाही. मागे हॉर्न आणि आणखी बासून असते तर तो त्यांच्यातच विरघळला असता. तंतुवाद्यांचा पोत वेगळा, म्हणून त्यांच्यावर फुंकीचा आवाज पाण्यावर तेलाच्या थेंबासारखा स्वच्छ उठून दिसतो. त्यातही श्ट्राउस पुष्कळ वेळा सगळी तंतुवाद्यं वाजवत नाही, मोजक्या वादकांनाच बोलवतो. सुरुवातीची शेजारच्या खोलीतली शांतता येते ती इथून. आणि हार्प? फुंकलेला आणि घासलेला सूर दोन्ही लांब ओढले जातात; छेडलेला सूर मात्र उमटतो आणि मावळतो. त्या लांब ओळींच्या मध्ये हार्पचे हे टिपके चांदण्यासारखे पडतात.

तीन भाग आहेत, पण ते न थांबता एकातून एक निघतात, त्यामुळे मध्ये टाळी वाजवायची की नाही ही धास्तीही नको. पहिला भाग मध्यम जलद. राजकन्येचं नाचणं, अस्वलाची घुसखोरी, तिचं घाबरणं, हे सगळं इथे. बासूनच्या पहिल्या प्रवेशाकडे लक्ष द्या. त्याचे सूर चुकीचे नसतात. पण आधीच्या सुरेल वातावरणात त्याचा पोत खुपतो. क्लॅरिनेट वरच्या गळ्यात जातं, तानांवर ताना घेत पळू बघतं. दोघं एकाच वेळी बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. मग हळूहळू वाक्यं लहान होतात. एक बोलतं तेव्हा दुसरं थांबू लागतं. मला हा भाग दर वेळी इथेच पकडतो: भांडण मिटल्याची घोषणा कुठेही नाही, नुसती थांबण्याची सवय लागते.

दुसरा भाग लहान, तीनेक मिनिटांचा, आणि सगळ्या रचनेचा जीव त्यात आहे. तंतुवाद्यं गजाच्या बारीक थरथरीने हवा भरून टाकतात, हार्प सोबतीला, आणि बासून गाऊ लागतं. एकट्याने, लांब श्वासात, वरच्या पट्टीत. काही मिनिटांपूर्वी जे जड पावलांनी आत घुसलं होतं तेच हे. श्ट्राउसला राजपुत्रासाठी दुसरं वाद्य आणता आलं असतं. चेलो हाताशी होता, तो सहज शोभला असता. त्याने ते केलं नाही. तीच नळी, तीच भिजवून खरवडलेली रीड. फक्त ओळ लांब झाली, सूर तुटक न राहता जोडले गेले, आणि मागचा गोंगाट निवला. वाद्य काही बदललेलं नाही. आपला कान बदललाय, आणि तो कधी बदलला हे नेमकं सांगता येत नाही. क्लॅरिनेट बराच वेळ गप्प असतं. ते परततं तेव्हा स्वतःची सुरावट घेऊन वर धावत नाही, बासूनच्या ओळीला लागून येतं.

मग दोघांचाच एक छोटा संवाद, ऑर्केस्ट्रा जवळजवळ बाजूला झालेला, आणि त्यातून तिसरा भाग उघडतो. हा रोंडो आधीचे दोन भाग एकत्र केले तरी त्यांच्या तोडीचा लांब आहे. पहिल्यांदा ऐकताना हा हिशोब विचित्र वाटू शकतो. गोष्ट तर संपली, मग एवढं लांबण कशाला? पण श्ट्राउसला रूपांतरापेक्षा नंतरचं एकत्र नाचणं जास्त हवं होतं, असं मला दरवेळी वाटतं. मुखडा या हातातून त्या हातात जातो. क्लॅरिनेट ओळ सुरू करतं, बासून संपवतं. पुढच्या वेळी उलट. कधी बासून वर आणि क्लॅरिनेट खालच्या गडद गळ्यात उतरलेलं, जागांची अदलाबदल. मध्येच पहिल्या भागातली एखादी खूण चमकून जाते. मोझार्टच्या काळातल्या त्या जुळ्या वाद्यांच्या कॉन्चेर्टोंची चाल इथे परत येते, तिसऱ्या-सहाव्या सुरांच्या जोड्या घेऊन, फक्त या वेळी ती जन्मजात जुळ्यांची नसते.

हा कॉन्चेर्टिनो मागवला होता स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक भागातल्या रेडिओने, आणि पहिल्यांदा वाजला तो लुगानोला, ४ एप्रिल १९४८ रोजी. ओटमार नुस्सिओ संचालक, आर्मांदो बाझिले क्लॅरिनेटवर, ब्रुनो बेर्गामास्की बासूनवर. ज्याच्यासाठी लिहिला तो बुर्गहाउझर अटलांटिकच्या पलीकडे. श्ट्राउसने पुरी केलेली ही शेवटची केवळ वाद्यांसाठीची रचना. त्याच वर्षी नंतर आली ती गाणी. १९४९ च्या मे महिन्यात तो गार्मिशच्या आपल्या घरी परतला आणि ८ सप्टेंबरला तिथेच गेला.

ऐकायला बसाल तेव्हा एक करून बघा. पहिल्या खेपेला डोळे मिटून फक्त बासूनच्या मागे जा. क्लॅरिनेट आपोआप ऐकू येईल, त्याची काळजी नको. खालून घुसतानाचा तो आवाज लक्षात ठेवा. मग शेवटच्या मिनिटाला, दोघं मिळून धावत असताना, त्यातला अस्वलाचा आवाज वेगळा काढून दाखवा.